उदगीरचा विजेता : सदाशिवरावभाऊ

पानिपतचे नाव ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळा. परंतु पानिपतावर पडलेल्या सेनापतीने त्यापूर्वी एकच वर्ष आधी आपल्या सास्तूरच्या उत्तरेस, औसा व उदगीर यांमधील काळ्या रानात, एक मोठा विजय मिळविला होता, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसते. म्हणून त्या पुरुषाचे चरित्र यंदा वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

सदाशिवराव हे चिमाजीअप्पांचे पुत्र व थोरल्या बाजीरावांचे पुतणे. त्यांचा जन्म सन १७३० च्या ऑगस्टात झाला. जन्मास महिना पुरा होतो न होतो तोच मातोश्री रखमाबाई वारल्या. सन १७४० मध्ये प्रथम चुलते बाजीराव व मागोमाग वडील चिमाजीअप्पा हेही परलोकवासी झाले. अशा रीतीने दहाव्या वर्षीच हा मुलगा पोरका झाला. आजी राधाबाई यांच्या मायेच्या छायेखाली तो वाढला आणि रामचंद्रबाबा शेणवी यांच्यासारख्या मुरब्बी मुत्सद्द्याच्या हाताखाली राज्यकारभार शिकला.

पहिली स्वारी त्यांनी सोळा-सतराव्या वर्षी कर्नाटकात केली व बहादूरबेंड्याचा किल्ला घेतला. शाहूमहाराजांच्या निधनानंतर, सन १७५० मध्ये, सांगोल्याचे बंड त्यांनी मोडले. पुढे त्यांस पेशव्यांची दिवाणगिरी मिळाली. चुलतबंधू नानासाहेब पेशवे यांचा सारा भार मग भाऊसाहेबांनीच उचलला. वसुलाचा हिशेब ते स्वतः तपाशीत. त्यांच्या करड्या शिस्तीमुळे लबाड कामगारांस त्यांचा धाक वाटे, आणि याच कारणाने त्यांना शत्रूही पुष्कळ झाले.

त्या काळी दक्षिणेत मराठ्यांचा मुख्य प्रतिस्पर्धी म्हणजे हैदराबादचा निजाम. निजामाच्या पदरी बुसी नावाचा फ्रेंच सेनानी होता व त्याने कवायती पलटणी आणि उत्तम तोफखाना तयार केला होता. त्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे निजामाची नोकरी सोडून पेशव्यांकडे आला. त्याची योग्यता ओळखून भाऊसाहेबांनी त्याला जवळ केले. मराठ्यांची जुनी लढाईची रीत व नवी तोफांची विद्या यांची सांगड घालावी, हा त्यांचा हेतू होता.

सन १७५९ च्या ऑक्टोबरात मुजफ्फरखान गारद्याने घडवून आणलेल्या मारेकऱ्याच्या हल्ल्यातून भाऊसाहेब बचावले. नोव्हेंबरात अहमदनगरचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. मग भाऊसाहेब निजामावर चालून गेले. सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअली हे उदगीराहून धारूरच्या वाटेस लागले होते. मराठ्यांनी त्यांस वाटेतच गाठून चहूंकडून घेरले. ज्या तोफांच्या बळावर मोगली फौज निर्धास्त असे, तसल्याच तोफा या वेळी इब्राहिमखानाने तिच्यावर डागल्या. ३ फेब्रुवारी १७६० रोजी निकराची लढाई होऊन निजामाचा मोड झाला. तहात त्याने सुमारे साठ लक्षांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर व विजापूर ही ठाणी देऊ केली. मराठी सत्तेचा एवढा उत्कर्ष पूर्वी कधी झाला नव्हता.

परंतु दैवगती विचित्र! उदगीरच्या आधीच, १० जानेवारीस, दिल्लीजवळ बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे अबदालीच्या फौजेशी लढता लढता पडले होते. ती वार्ता दक्षिणेत पोहोचताच परतूर येथे मसलत झाली आणि उत्तरेच्या स्वारीचे आधिपत्य उदगीरच्या विजेत्याकडेच आले. नानासाहेबांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव यांस बरोबर घेऊन भाऊसाहेब मार्चात निघाले. ऑगस्टाच्या आरंभी दिल्ली घेतली व १७ ऑक्टोबरास कुंजपुरा सर केला.

येथवर यश होते. तथापि संकटाची बीजेही येथेच रुजत होती. द्रव्याची टंचाई एवढी की, दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवावे लागले. सुरजमल जाट रुसून निघून गेला. जड सरंजाम व बायकामुले मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, असे मल्हारराव होळकरांसारख्या जाणत्यांचे मत होते. भाऊसाहेबांचा विश्वास मात्र तोफखान्यावर होता. उदगीरास जे साधले ते येथेही साधेल असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही. पण उदगीर आपल्या मुलखाजवळ होते आणि पानिपत घरापासून शेकडो कोस दूर होते. अबदालीने यमुना उतरून दक्षिणेची वाट अडविली, रसद तुटली आणि अडीच महिन्यांत छावणीत उपासमार सुरू झाली.

१४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य लढावयास निघाले. दोन प्रहरपर्यंत जय मराठ्यांकडे झुकत होता. इतक्यात विश्वासराव गोळी लागून पडले. तेव्हा माघारी फिरण्याचा विचारही न करता भाऊसाहेबांनी घोडा घातला व लढता लढता देह ठेविला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. इब्राहिमखानाने अखेरपर्यंत धन्याची साथ सोडली नाही. जखमी स्थितीत तो शत्रूच्या हाती सापडला व मारला गेला.

भाऊसाहेब गेले हे महाराष्ट्राच्या मनास पटेना. पत्नी पार्वतीबाई यांनी सन १७६३ मध्ये मरेपर्यंत वैधव्य मानले नाही. पुढे एका तोतयाने तेच नाव घेऊन बंड माजविले. सन १७७६ मध्ये त्यास देहांताची शिक्षा झाली. नानासाहेब तर पुत्रशोकाने खचून जून १७६१ मध्येच निवर्तले. निजामानेही डोके वर काढून पुण्यापर्यंत धाव घेतली, पण १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनास माधवरावांनी त्याचा पराभव केला. तरीही निजामाचे राज्य पुढे टिकले, आणि आपला हा टापू अखेर त्याच राज्यातून १९४८ मध्ये भारतात आला.

आता भाऊसाहेबांस दोष द्यावा की न द्यावा? कोणी त्यांस गर्विष्ठ म्हणतात व पानिपतचे सारे खापर त्यांच्या माथी फोडतात. आमच्या मते हा न्याय नव्हे. पैका वेळेवर पोहोचला नाही आणि मित्र मिळाले नाहीत. या गोष्टी एकट्या सेनापतीच्या हातच्या नव्हत्या. परंतु वडीलधाऱ्यांचा सल्ला त्यांनी अधिक मनावर घ्यावयास हवा होता, हेही नाकारता येत नाही. कालच्या विजयाने मनुष्यास जो भरवसा येतो, तोच उद्याच्या प्रसंगी त्याची दृष्टी झाकतो. परीक्षेत एकदा पहिला आलेल्या विद्यार्थ्यानेही हे ध्यानी धरावे.

विद्यार्थ्यांनो, औशाचा किंवा उदगीरचा किल्ला पाहण्याचा योग आला तर तेथे क्षणभर थांबा. एका दिवसाच्या पराजयाने तीस वर्षांच्या आयुष्यातील सारे कर्तृत्व पुसले जात नाही, याची साक्ष ही आपल्या घराजवळची भूमी देत आहे.