हेमाडपंत : देवगिरीचा कारभारी, मोडीचा धनी

लोणार, मेहकर, सातगाव, कोथळी, साकेगाव. बुलडाणा जिल्ह्यातील यांपैकी कोणत्याही गावी जाऊन काळ्या पाषाणातील जुन्या देवळाविषयी विचारणा केली, तर ते हेमाडपंती असल्याचेच सांगितले जाते. चुन्याविना दगडात दगड अडकवून रचलेल्या वास्तूला ज्यांचे नाव कायमचे चिकटले, ते हेमाद्री पंडित व्यवसायाने स्थपती नव्हते. ‘हेमाडपंती’ म्हणवली जाणारी कित्येक देवळे त्यांच्या जन्मापूर्वीच उभी होती. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, म्हणजे त्यांच्या दोनशे वर्षे आधीचे. हेमाद्रींचे खरे क्षेत्र होते दफ्तर.

कामदेवांचे पुत्र, वासुदेवांचे नातू आणि वत्सगोत्री विद्वान असलेले हेमाद्री देवगिरीच्या महादेवराय यादवाच्या कारकिर्दीत (१२६१ ते १२७१) श्रीकरणाधिप झाले. राज्याची सारी लिखापढी ज्याच्या हाताखालून जाते, तो हा अधिकारी. महादेवानंतर त्याचा पुत्र आमण गादीवर आला. परंतु चुलतभाऊ रामचंद्राने त्याला पदच्युत करून राज्य घेतले. अशा उलथापालथीत जुन्या राजाच्या माणसांचे काय होते, हे सांगणे नको. हेमाद्री मात्र रामदेवरायाच्या राज्यातही मोठ्या अधिकारावर राहिले. ठाणे येथील १२७२ च्या ताम्रपटात त्यांचा उल्लेख आहे. ज्याला दफ्तर ठाऊक आहे, त्याच्यावाचून नव्या धन्याचेही चालत नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

मोडी लिपीचे जनकत्व परंपरा हेमाद्रींकडे देते. त्यांनी ती लंकेहून आणली, अशी आख्यायिका आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मोडीचा संबंध फारसीतील ‘शिकस्ता’ या मोडक्या वळणाशी जोडूनही श्रेय हेमाद्रींनाच दिले, तर बा. अ. गुप्ते यांनी ते शिवरायांचे चिटणीस बाळाजी आवजी यांना दिले. वाद मिटलेला नाही. कारभाराच्या लेखनाला शिस्त लावणाऱ्या ‘मेस्तक’ या प्रकरणाशी मात्र हेमाद्रींचे नाव निगडित आहे, आणि मोडी ही अस्सल कारभाराची लिपी होती. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडत जायचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. वेग साधला; मात्र वाचणाराही तितकाच तरबेज लागे.

हीच अडचण पुढे अनेकांची मिरास ठरली. १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले आणि वऱ्हाडावर एकामागून एक सुलतानी अंमल आले. मोगलाईत मेहकर हे सरकारचे ठाणे झाले. वरच्या दरबारांत फारसी चाले. गावच्या जमाखर्चात, वतनाच्या कागदात आणि सावकाराच्या वहीत मराठी मोडीच राहिली. चिटणीस, फडणीस, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावे याच लेखणीच्या कामांतून आली. वळणदार मोडी हे घराण्याचे भांडवल होते. बापाच्या बोरूचे वळण मुलगा गिरवी. आपण कोण आणि आपण काय लिहितो, यांत फरकच उरला नाही. रुमालात बांधलेल्या दफ्तराची किल्ली त्या घराच्या हाती असे, आणि गावकऱ्याला त्याची भीतीही वाटे. जे सर्वांना वाचता येत नाही, ते वाचणाऱ्याच्या इमानावर सोडावे लागते.

ही मिरास मोडली ती छापखान्याने. विल्यम केरी यांनी १८१० चा मराठी कोश मोडीत छापला खरा, पण सुट्या खिळ्यांत बसवणे सोपे पडले ते बालबोध लिपीला. पुस्तके बालबोधीत गेली, पाठोपाठ शाळा गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास सरकारी व्यवहारातूनही मोडी उठली. ज्यांचे सारे शिक्षण एका वळणात झाले होते, त्यांना उतारवयात नवे वळण गिरवावे लागले. त्यांची कोणी फारशी दखल घेतली नाही.

आजच्या संगणक क्षेत्राला हे अपरिचित वाटू नये. तेथेही ‘जावावाला’, ‘कोबोलवाला’ अशीच ओळख सांगितली जाते आणि भाषा मागे पडली की नोकरीबरोबर ती ओळखही डळमळते. १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेली कोबोल तर केव्हाच कालबाह्य ठरवली गेली होती. तरीही एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या जुन्या यंत्रणेवर ताण येताच न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोलच्या जाणकारांना जाहीर साद घालावी लागली.

खुद्द हेमाद्री एका वळणाला बांधले गेले नाहीत. त्यांच्या काळी कारभारात मराठीचा वावर वाढत असताना त्यांनी ग्रंथ लिहिले ते संस्कृतात : व्रत, दान, तीर्थ, मोक्ष यांचा प्रचंड संग्रह असलेला ‘चतुर्वर्गचिंतामणि’ आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका. हत्तीदळाचा अधिकारही त्यांच्याकडे होता. ‘मुग्धबोध’ व्याकरणाचा कर्ता, वऱ्हाडचा बोपदेव त्यांच्या आश्रयास होता. बाजरीचे पीक महाराष्ट्रात आणल्याचे श्रेयही लोक त्यांनाच देतात. महानुभावांच्या आठवणींत मात्र त्यांची प्रतिमा काळी आहे; चक्रधरस्वामींच्या छळाचा ठपका ती परंपरा त्यांच्यावर ठेवते, आणि त्या पंथाने आपले वाङ्मय आग्रहाने मराठीतच रचले, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

२०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर सुरू झाला, तेव्हा जुने रुमाल सोडले गेले आणि अधिकाऱ्यांपुढे तोच जुना प्रश्न आला. मोडी वाचणारी माणसे हवी होती, आणि ती मोजकीच होती.