बालगंधर्व : चरित्र आणि अंतरंग

दरसाल या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, हा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस नटसम्राट नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांच्याविषयी लिहिण्याची आज्ञा केली. ज्ञातीच्या स्मरणिकेत बालगंधर्व कशाला, असे कोणी पुसेल. त्यास आमचे उत्तर असे की, ते कोणा एका ज्ञातीचे नव्हतेच. आणि आपल्या आजेमंडळींनी पदरमोड करून, रात्र रात्र जागून त्यांची नाटके पाहिली, एवढा ऋणानुबंध पुरेसा आहे.

लिहावयास बसलो तेव्हा काम सोपे वाटले. सनावळी हाताशी होती, आठवणींचे ग्रंथही कमी नाहीत. परंतु चार पाने लिहून वाचून पाहिली आणि ध्यानात आले की, यात नाटक मंडळीचा हिशेब तेवढा उतरला आहे, माणूस कोठेच नाही. तो का नाही, याचाच विचार या लेखात मुख्यतः करावा लागत आहे. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

प्रथम ठळक गोष्टी. त्यांचा जन्म 26 जून 1888 चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांस बालगंधर्व म्हटले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. कानाचा विकार जडला तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी मिरजेस उपचाराची व्यवस्था करविली. भाऊराव कोल्हटकर 1901 साली वारल्यापासून किर्लोस्कर मंडळीस गाणारा स्त्रीपार्टी नट हवाच होता. 1905 साली नारायणराव त्या मंडळीत शिरले व शकुंतला झाले. 1913 साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे 1916 सालचे स्वयंवर, त्यातील भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि त्यांची रुक्मिणी. मग 1919 सालचे एकच प्याला आणि सिंधू. नाटककार राम गणेश गडकरी हे नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या जानेवारीत, निवर्तले होते. सिंधूच्या फाटक्या लुगड्यास पाहून ज्या प्रेक्षागृहाने डोळे पुसले, त्याच प्रेक्षागृहातील स्त्रिया दुसऱ्या दिवशी रुक्मिणीसारखे लुगडे नेसण्याचा आणि भामिनीसारखी वेणी माळण्याचा यत्न करीत. पुरुषाने स्त्रियांस शृंगार शिकवावा, हा प्रकार जगाच्या रंगभूमीवर विरळाच.

आता ज्या प्रसंगापाशी आमची लेखणी अडली तो सांगतो. 12 मार्च 1911 रोजी मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळीतील लोकांस वाटले. नारायणरावांनी ते मानले नाही. ते भामिनीचा वेष करून उभे राहिले, गायिले, हसले, आणि प्रेक्षकांस प्रयोग संपेतो काही उमगले नाही. ही गोष्ट आम्ही शाळेत कर्तव्यनिष्ठेचा पाठ म्हणून अनेक वर्षे शिकविली. प्रत्येक चरित्रात ती आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तिचा अर्थ एकच लावलेला आहे : रसिक हेच दैवत.

तो अर्थ खोटा असे आम्ही म्हणत नाही. परंतु बावीस वर्षांचा तो बाप त्या दिवशी रंगपटात आरशासमोर बसला असताना त्याच्या मनात काय चालले होते? दुःख इतके असह्य झाले असेल की, स्वतःचे नाव टाकून चार घटका दुसरेच कोणी होऊन जाणे हाच एक आसरा उरला असेल. किंवा मंडळीचे नुकसान होईल, लोक हिरमुसतील, ही भीती दुःखाहून बलवत्तर झाली असेल. किंवा अंगवळणी पडलेल्या सवयीने हात रंगाकडे गेले असतील आणि मन घरीच राहिले असेल. बाहेरून पाहणाऱ्यास तिन्ही सारखीच दिसतात. चरित्रकारापाशी निवड करावयास साधन नाही. तो आपल्यास आवडेल तो अर्थ उचलतो आणि वाचकास तोच इतिहास वाटतो.

याहून मोठी उणीव दुसरी आहे. मुलगी जशी नारायणरावांची तशीच लक्ष्मीबाईंचीही होती. त्या रात्री पती भामिनी होऊन टाळ्या घेत असता त्या माउलीची अवस्था काय झाली, हे आम्ही चाळलेल्या पुस्तकांत एका ओळीनेही सापडले नाही.

बरे, ज्यांनी लिहिले ते कोण? बोडसांनी आत्मचरित्र लिहिले, टेंब्यांनीही आपल्या संगीत व्यासंगाची हकीकत लिहिली. दोघेही मंडळीचे भागीदार होते आणि दोघेही पुढे वेगळे झाले. भागीदारी मोडलेल्या माणसाने जुन्या भागीदाराविषयी कितीही सज्जनपणे लिहिले तरी त्यात कोठेतरी वहीखाते डोकावतेच. वसंत शांताराम देसाई हे त्यांचे नाटककार व भक्त. भक्ताला देवाचा गाभारा दिसतो, शेजघर दिसत नाही. स्वतः नारायणराव तर सर्वांस देवा म्हणून हाक मारावयाचे. लहान, थोर, शेटसावकार, पडदा ओढणारा गडी, सर्व देवच. हे सौजन्य खरेच. परंतु आम्हांस असेही वाटते की, सर्वांना एकाच नावाने हाक मारणारा मनुष्य कोणालाच फार जवळ येऊ देत नसावा.

पैशाच्या बाबतीत त्यांच्यावर उधळेपणाचा आरोप नेहमी होतो. रंगमंचावर खरे गालिचे, भारी शालू, अत्तराचा घमघमाट, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा व सारंगीवर कादरबक्ष. यांपायी कर्ज झाले. ते कर्ज त्यांनी नाटकेच करून फेडले. या पै-पैशाच्या भागात चरित्रकार फार रमतात, कारण आकडे हाती लागतात. आम्ही ते येथेच सोडतो.

1921 साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला संयुक्त मानापमानाचा प्रयोग, 1935 साली प्रभातच्या धर्मात्मा बोलपटात त्यांनी केलेली एकनाथ महाराजांची भूमिका, यांचा नुसता उल्लेख करून त्यांच्या उत्तरायुष्याकडे वळतो. कारण तेथे सर्वांचीच लेखणी बिचकते.

गोहरबाई कर्नाटकी या उत्तम गायिका. बालगंधर्वांची गायकी त्यांनी दुरून ऐकून आत्मसात केली आणि 1938 च्या सुमारास त्या मंडळीत आल्या. लक्ष्मीबाई 1940 साली वारल्या. नारायणराव गोहरबाईंबरोबर राहू लागले तेव्हा चाहत्यांनी, आप्तांनी पाठ फिरविली. काहींना धर्म आडवा आला, काहींना वय, काहींना बाईंचे कुळ. चरित्रांतही दोनच प्रकार दिसतात : कोणी बाईंवर सर्व ऱ्हासाचे खापर फोडतो, तर कोणी तो भाग दोन वाक्यांत आटोपतो. पाय निकामी झाले, मंडळी गेली, वैभव गेले, त्या काळात गोहरबाई 1964 साली मरेपर्यंत त्यांच्याजवळ होत्या. त्याच वर्षी सरकारने नारायणरावांस पद्मभूषण दिले. जन्मभर स्त्रीचा आवाज, स्त्रीची चाल, स्त्रीचे रुसणे धुंडाळणाऱ्या माणसाला आपलेच गाणे एका स्त्रीच्या कंठातून ऐकू आले, तेव्हा त्यास काय वाटले असेल? आमच्या मते त्यांच्या अंतरंगाची किल्ली असलीच तर येथे आहे. आणि नेमके येथेच साऱ्यांनी निवाडा केला, विचारपूस कोणी केली नाही. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांना तर हे विशेष टोचावे. कोणाच्या घरात कोण राहते यावरून माणसास पंक्तीबाहेर बसविण्याची विद्या आपणांसही चांगली अवगत होती.

कोणी म्हणेल, ध्वनिमुद्रिका आहेत, त्या ऐकाव्यात. आम्ही त्यांस प्रत्यक्ष पाहिले नाही. आमच्या पिढीस मुद्रिकाच आधार. परंतु त्या काळची तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे वाजावयाची. नाट्यगृहात एकेका पदास वन्समोअर मिळत, तीच ओळ ते दर वेळी निराळ्या भावाने म्हणत आणि रात्र सरून जाई. तबकडीत त्यातले एकच म्हणणे उरले. 2011 साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तो आमच्या नातवंडांनी आवडीने पाहिला. तोही तीच 1911 सालची गोष्ट त्याच अर्थाने सांगतो.

15 जुलै 1967 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. ज्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते 1962 साली बसविली गेली, ते 26 जून 1968 रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, उघडले.

जाता जाता एक विनंती. पुढील स्मरणिकेसाठी कैलासवासी ज्ञातिबांधवांची चरित्रे पाठविताना कुटुंबीयांनी पदव्या, हुद्दे आणि देणग्यांची यादी अवश्य द्यावी; पण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस, त्या हयात आहेत तोवर, जवळ बसवून काय आठवते ते विचारावे आणि त्या सांगतील ते, गैरसोयीचे वाटले तरी, तसेच लिहून दिवाळीपूर्वी चिटणीसांकडे पोहोचते करावे.