मराठींतील पहिले कादंबरीकार : रेव्हरंड बाबा पदमनजी

स्कॉट व डिकन्स या आंग्ल कादंबरीकारांचीं नांवें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतात. डिकन्स यांची ‘लिटल डॉरिट’ ही कादंबरी १८५७ सालीं पूर्ण झाली. त्याच सालीं इकडे मराठींत एक लहानसें पुस्तक बाहेर पडलें. त्याचें नांव ‘यमुनापर्यटन’. मराठींतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून वाङ्मयाच्या इतिहासांत तिची गणना होते. परंतु तिच्या कर्त्याचें नांव विचारिलें असतां वर्गांत बहुधा शांतता पसरते. ती उणीव अल्पशी भरून काढावी, या हेतूनें आम्ही हें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ सालीं बेळगांव येथें कासार ज्ञातींत झाला. वडील पदमनजी माणिकजी सरकारी नोकरींत होते. घरांत देवधर्म व व्रतवैकल्यें निष्ठेनें चालत, आणि बाबांसही बाळपणापासून पोथ्यापुराणांची मोठी गोडी होती. बेळगांवच्या मिशन शाळेंत त्यांस इंग्रजी विद्येचा व ख्रिस्ती शास्त्राचा परिचय झाला. पुढें मुंबईस शिकत असतां त्यांच्या मनांत जुन्या श्रद्धेचा व नव्या विचाराचा झगडा सुरू झाला.

त्या काळीं मुंबईस दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण आदि मंडळींनीं १८४९ सालीं परमहंस सभा स्थापिली होती. जातिभेद मोडावा हा तिचा उद्देश. परंतु कारभार सर्व गुप्तपणें चाले. सभेंत जातिबंधन तोडावयाचें व घरीं तेंच पाळावयाचें, असा तो प्रकार होता. बाबा या सभेचे सभासद होते. पण जें सत्य वाटतें तें लपवून कोठवर ठेवावें, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. अखेरीस १८५४ सालीं त्यांनीं बेळगांव येथें उघडपणें बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत थोडी नव्हती. ज्या घरानें त्यांस वाढविलें, त्याच घराचें दार त्यांच्या निश्चयामुळें दुःखानें भरून गेलें. आईबापांचें प्रेम एका पारड्यांत व मनाची साक्ष दुसऱ्यांत, अशी ती कसोटी होती.

यानंतर तीनच वर्षांनीं ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झालें. यमुना ही शिकलेली तरुणी आपला पति विनायक याच्यासह प्रवासास निघते. ठिकठिकाणीं त्यांस विधवा स्त्रिया भेटतात. कोणाचें केशवपन झालेलें, कोणाच्या वांट्यास उष्टें अन्न व अपशब्द आलेले. पुढें विनायक मरण पावतो आणि इतरांचें जें दुःख तिनें पाहिलें तेंच यमुनेवर कोसळतें. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला होता. परंतु कायद्यानें दार उघडलें तरी माजघराच्या कोपऱ्यांतील मुलीस हात धरून बाहेर कोणी आणावें? तें काम या पुस्तकानें आरंभिलें.

कथेंत दोष नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. पात्रें मधूनच थांबून उपदेश करूं लागतात, आणि केव्हां केव्हां कादंबरीपेक्षां प्रवचनच वाचल्याचा भास होतो. तथापि राजाराणींच्या अद्भुत गोष्टींची चलती होण्याच्या दिवसांत शेजारच्या घरांतील रडणें ऐकून तें कागदावर उतरविणारा हा पहिला लेखक होय.

बाबांची लेखणी तेथें थांबली नाहीं. त्यांनीं कोश रचिले, समानार्थी शब्दांची ‘शब्दरत्नावली’ सिद्ध केली, नव्या करारावर टीका लिहिली आणि ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र लिहिलें. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या आसपास सांगतात. ‘सत्यदीपिका’ हें पत्र त्यांनीं चालविलें. आमच्या अहमदनगरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, १८४२ सालीं अमेरिकन मिशननें सुरू केलेल्या ‘ज्ञानोदया’च्या संपादनासही त्यांचा हात लागला, ही गोष्ट येथील वाचकांस विशेष आनंदाची वाटेल. १८६७ सालीं पाळकाची दीक्षा घेऊन त्यांनीं पुण्याच्या मंडळीची कांहीं वर्षें सेवा केली. १९०६ सालीं त्यांचा अंत झाला.

ख्रिस्ती झाला तो मराठीस मुकला, असें म्हणणारे त्या काळीं पुष्कळ होते. बाबांनीं वाद न घालतां अर्धशतक मराठींत लिहून त्यांस उत्तर दिलें. विद्यार्थीमित्रहो, इंग्रजी कादंबऱ्या अवश्य वाचा. परंतु आपल्या गल्लींतील एखाद्या यमुनेचें दुःख तुमच्या दृष्टीस पडतें कीं नाहीं, हेंही पहा. पालकांसही आमची विनंति एवढीच कीं, आपली कन्या जें पाहते तें तिनें निर्भयपणें सांगावें व लिहावें, इतकी मोकळीक तिला घरांत असूं द्यावी.