सात भाषांत काम केलेल्या स्मिता पाटीलचे सिनेमे आज सापडतात कुठे?

स्मिता पाटील म्हटलं की रील्सवर हमखास 'नमक हलाल'मधलं पावसातलं गाणं येतं. गंमत म्हणजे ज्या सिनेमांमुळे ती स्मिता पाटील झाली, त्यातले कित्येक सिनेमे शोधूनही धड सापडत नाहीत.

१७ ऑक्टोबर १९५५ ला पुण्यात तिचा जन्म झाला. वडील शिवाजीराव पाटील खान्देशातल्या शिरपूरचे राजकारणी, आई विद्याताई समाजकार्यात. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या द्यायची. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा तर प्रसिद्धच आहे. तिथूनच ती श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरली. १९७५ मध्ये 'चरणदास चोर' आणि 'निशांत' आले. १९७७ च्या 'भूमिका'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो सिनेमा बेतलेला होता. पुढे 'चक्र'साठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार आणि १९८५ मध्ये पद्मश्री.

पण खरी गोष्ट भाषांची आहे.

चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा' या मराठी कादंबरीवर बेनेगलांनी १९७८ मध्ये दोन सिनेमे केले, हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम'. स्मिता दोन्हींत आहे. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' हिंदीत 'सुबह' नावाने आला. केतन मेहतांचा 'भवनी भवाई' गुजराती, मृणाल सेन यांचा 'आकालेर संधाने' बंगाली, नागाभरणांचा 'अन्वेषणे' कन्नड, अरविंदन यांचा 'चिदंबरम' मल्याळम. आजच्या पॅन-इंडिया स्टार्सनी जरा बघावं.

आता संभाजीनगरात बसलेल्या विशीतल्या मुलीने 'चिदंबरम' बघायचा कुठे? थिएटरला तो लागणार नाही. ओटीटीवर आज असलेला सिनेमा उद्या असेल याची खात्री नाही. मग उरतात चाहते. कुणीतरी कधीकाळी दूरदर्शनवरून व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतलेलं असतं, कुणी त्याची फाइल केलेली असते, कुणी सबटायटल्स जोडलेली असतात. चित्र फिकट, आवाज घोगरा, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो. बहुतेकदा हे विनापरवाना असतं आणि हक्कदाराने तक्रार केली की लिंक गायब होते, हेही खरंच. तरी मल्याळम न येणाऱ्या माणसाला त्या सबटायटल्सनीच स्मिताची शिवगामी दिसते.

प्रतींमुळे सिनेमा जगतो याचं सगळ्यात भारी उदाहरणही तिच्याच सिनेमाचं आहे. 'मंथन' १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढले आणि त्यातून तो उभा राहिला. पुढे व्हर्गीस कुरियन यांनी त्याच्या १६ एमएमच्या प्रती गावोगाव दाखवल्या, सहकारी दूध संस्था कशी उभी राहते ते लोकांना कळावं म्हणून. थिएटरातून उतरल्यावरही 'मंथन' चालतच राहिला.

पण नुसत्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर सिनेमा किती दिवस तग धरणार? प्रत्येक कॉपीत थोडं चित्र जातं, थोडा आवाज जातो. शेवटी मूळ फिल्मकडेच यावं लागतं. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'मंथन' दुरुस्त करायला घेतला, तेव्हा चित्रासाठी मूळ निगेटिव्ह राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होतं. आवाज मात्र थिएटरसाठी काढलेल्या एका जुन्या प्रिंटवरून घ्यावा लागला. ती प्रिंट कुणी भंगारात काढली असती तर?

मे २०२४ मध्ये हा नवा 'मंथन' कान महोत्सवात दाखवला गेला आणि जूनमध्ये भारतात थिएटरला लागला.

स्मिता १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतरच्या आजारपणात गेली. वय ३१. 'मिर्च मसाला' प्रेक्षकांपर्यंत पोहोचला तो त्यानंतर. कानच्या त्या खेळाला तिचा मुलगा प्रतीक हजर होता. आई गेली तेव्हा तो पंधरा दिवसांचा होता.