रंग ओळखता आले नाहीत, यंत्रे मात्र जमली

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचे होते. 1869 साली बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा त्यासाठी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाला. तिथे लक्षात आले, की त्यांना काही रंगांतला फरक कळत नाही. चित्रकला सोडावी लागली.

हा अंशतः रंगांधळेपणा. दृष्टिपटलातील शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात. त्यांतील दोष बहुधा जन्मजात असतो आणि लाल-हिरव्यात गल्लत होते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषात हे गुणसूत्र एकच, म्हणून दोष मुलांत जास्त दिसतो आणि आईकडून येतो. त्यावर औषध नाही; पण नजर आणि बुद्धी शाबूत असते.

यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. लक्ष्मणराव तेच शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. अभियांत्रिकीची पदवी नव्हती. यंत्रे हाताळत शिकले. 1888 मध्ये बंधू रामुअण्णांसोबत बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. पुढे बढती डावलली गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. आधी कडबा कापायचे यंत्र बनवले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांना भीती होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, तरी त्यांनी काम सोडले नाही. 1910 मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1956 मध्ये ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या उद्योगातून पंप, इंजिने, विजेच्या मोटारी बाहेर पडत होत्या.

आपल्या बीड जिल्ह्यात गोठ्यागोठ्यात कडबाकुट्टी आहे. त्याच गावांतली मुले भरतीच्या वैद्यकीय तपासणीत रंगांधळी ठरतात, तेव्हा सगळे संपले असा चेहरा करून शासकीय रुग्णालयातून बाहेर पडतात. काही नोकऱ्यांची दारे बंद होतात, हे खरे. सिग्नलचा रंग चुकला तर जीव जातो, म्हणून तो नियम आहे. यंत्रांचे दार मात्र उघडे असते.

आज अशा मुलाला रोबोट बनवायचा असेल, तर रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे अडचणीचे वाटतील. मल्टिमीटर लावला की किंमत आकड्यात दिसते. तारांना रंगांऐवजी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात. सुरुवात बॅटरीवर चालणाऱ्या दोन छोट्या मोटारींच्या गाडीने करावी. घरातल्या विजेच्या जोडणीला हात लावू नये.

पालकांनी मुलांची रंगदृष्टी शाळेत असतानाच तपासून घ्यावी; ठिपक्यांतले आकडे ओळखण्याची ही चाचणी काही मिनिटांत होते. भरतीची दोन वर्षे तयारी करून मग हे कळण्यापेक्षा ते बरे. आणि मोठ्या वयात रंग अचानक फिके दिसू लागले, विशेषतः क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल सुरू असताना, तर तो जन्मजात दोष समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.