ऊर्जेचा हिशेब मांडणारे रेमंड लिंडमन

जंगलात हरणांचे मोठे कळप दिसतात. मात्र त्यांच्यावर जगणारे वाघ मोजकेच असतात. असे का, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत शोधण्याची वाट दाखवणारा एक शोधनिबंध ऑक्टोबर १९४२ मध्ये अमेरिकेतील ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो छापून आला तेव्हा त्याचे लेखक रेमंड लिंडमन हयात नव्हते. त्याच वर्षी २९ जून रोजी, वयाची २७ वर्षे पूर्ण होण्यास महिनाही उरला नसताना, यकृताच्या विकाराने त्यांचे निधन झाले होते.

लिंडमन यांचा जन्म २४ जुलै १९१५ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. पुढे मिनेसोटा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्यांनी सीडर बॉग लेक हे एक लहानसे तळे निवडले. जेमतेम मीटरभर खोलीचे, गाळाने भरत चाललेले हे तळे कोणाच्याही नजरेत भरण्यासारखे नव्हते. तरीही पाच वर्षे लिंडमन तेथे जात राहिले. पाण्यातील वनस्पती, सूक्ष्म प्लवक, तळातील अळ्या, कीटक, मासे अशा प्रत्येक गटाची मोजदाद त्यांनी केली. तळ्यावर बर्फाचा थर जमल्यावरही काम सुरूच राहिले. या कामात त्यांच्या पत्नी एलेनॉर यांची त्यांना मोलाची साथ लाभली.

त्या काळी परिसरशास्त्राचे अभ्यासक बहुधा प्रजातींच्या याद्या करीत आणि कोण कोणाला खातो याची नोंद ठेवीत. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये अन्नसाखळीत वरच्या पायरीवरील प्राण्यांची संख्या कमी होत जाते, हे दाखवले होते. आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये सजीव आणि त्यांच्या भोवतीची निर्जीव सृष्टी या दोहोंना मिळून ‘परिसंस्था’ ही संज्ञा दिली होती. लिंडमन यांनी हे धागे एकत्र आणले. शेवाळ, अळी आणि मासा यांची तुलना संख्येने किंवा वजनाने नीट होत नाही. परंतु प्रत्येकात साठलेली ऊर्जा मात्र एकाच मापाने मोजता येते, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते.

त्यांनी मांडलेला हिशेब बोलका होता. तळ्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाला जास्तीत जास्त १,१८,८७२ कॅलरी सूर्यऊर्जा पडते, असे त्यांनी धरले. त्यातील केवळ १११.३ कॅलरी, म्हणजे हजारातील जेमतेम एक भाग, वनस्पती बांधून ठेवीत. वनस्पतींवर जगणाऱ्या प्राण्यांपर्यंत त्यातील १४.८ कॅलरी पोहोचत आणि त्यांना खाणाऱ्यांच्या वाट्याला अवघ्या ३.१ उरत. उरलेली ऊर्जा श्वसनात उष्णतेच्या रूपाने निघून जाई, काही न खाता राही, तर काही मृत अवशेषांसह तळाच्या गाळात जाई. हा गाळ त्यांच्या मांडणीत अडगळीचा नव्हता. तेथील जिवाणू अवशेषांचे विघटन करून पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात सोडतात, म्हणून त्यांनी गाळाला आपल्या आकृतीच्या मध्यभागी स्थान दिले. पोषकद्रव्ये फिरून परत येतात. ऊर्जा मात्र एकाच दिशेने वाहते आणि ती सतत सूर्याकडूनच मिळावी लागते.

डॉक्टरेटनंतर १९४१ मध्ये लिंडमन येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेले. याच हचिन्सन यांनी १९३२ मध्ये येलच्या उत्तर भारत मोहिमेत लडाखमधील सरोवरांचा अभ्यास केला होता. त्यांच्या सहवासात लिंडमन यांच्या निबंधाला सैद्धांतिक बळ मिळाले. मात्र ‘इकॉलॉजी’कडे तो पाठवल्यावर चान्सी जुडे आणि पॉल वेल्च या दोन ज्येष्ठ सरोवरतज्ज्ञांनी तो नाकारावा, असा अभिप्राय दिला. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर इतका व्यापक सिद्धांत उभारणे त्यांना मान्य नव्हते. विशेष म्हणजे, तुलनेसाठी लिंडमन यांनी वापरलेली विस्कॉन्सिनमधील मेंडोटा सरोवराची आकडेवारी जुडे यांच्याच संशोधनातील होती.

हचिन्सन यांनी संपादक थॉमस पार्क यांना पत्र लिहून निबंधाची बाजू मांडली. लिंडमन यांनी आजारपणातच त्यात सुधारणा केल्या. अखेर १९४२ च्या वसंत ऋतूत पार्क यांनी तो स्वीकारला. आपला निबंध छापला जाणार, एवढे लिंडमन यांना कळले. छापील अंक पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. निबंधाच्या शेवटी हचिन्सन यांनी आपल्या या तरुण सहकाऱ्याला श्रद्धांजली वाहिली.

आज शाळेच्या पुस्तकांत ‘दहा टक्क्यांचा नियम’ लिंडमन यांच्या नावाने शिकवला जातो. प्रत्यक्षात त्यांनी असा एकच आकडा दिला नव्हता. त्यांच्या तक्त्यात एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण ५.५ ते २२.३ टक्के असे बदलत जाते. दहा टक्के ही नंतर रूढ झालेली ढोबळ सरासरी आहे. मात्र प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा मोठा वाटा गळतो, हे त्यांचे निरीक्षण टिकून राहिले. साखळीच्या टोकावरील प्राण्यांना वाचवायचे तर त्यांच्याखालचा संपूर्ण विस्तार जपावा लागतो, ही समज त्यातूनच पक्की होते.

सीडर क्रीकचा तो परिसर आता मिनेसोटा विद्यापीठाचे संरक्षित संशोधनक्षेत्र आहे. अभ्यासक आजही तेथे मोजणी करतात. टीकाकारांना लिंडमन यांची माहिती अपुरी वाटली होती. ती वाढवण्यासाठी आयुष्याने त्यांना सवड दिली नाही. ते काम पुढच्या पिढ्यांनी हाती घेतले.