वालाच्या दाण्यातील कोडे उलगडणाऱ्या कमला सोहोनी

कोकणात, आणि घाटमाथ्यावरच्या मावळ-मुळशीच्या भातपट्ट्यातही, कडवे वाल शिजविण्याचा एक ठरलेला रिवाज आहे. दाणे रात्रभर भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मग झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवायचे. अर्धेकच्चे वाल पोटाला बाधतात, हे सुगरणींना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. ते का बाधत असावेत, याचे एक महत्त्वाचे कारण १९५५ साली मुंबईतील एका प्रयोगशाळेतून पुढे आले. वाल आणि डबल बी या कडधान्यांतून ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिने स्फटिकरूपात वेगळी केल्याचा लघुलेख त्या वर्षी ‘नेचर’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखकांमधील पहिले नाव होते के. सोहोनी.

मराठी वाचकांना दुर्गाबाई भागवत परिचित आहेत. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई यांचे नाव मात्र बराच काळ शास्त्रज्ञांच्या वर्तुळापुरतेच राहिले.

प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची लांब साखळी. ही साखळी नुसती लोंबकळत नाही. ती विशिष्ट रीतीने दुमडते, आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. घडी मोडली की साखळी शाबूत असूनही प्रथिन निकामी होते. अंडे उकडल्यावर पांढरे घट्ट का होते, याचे उत्तर हेच. वालातील रोधक प्रथिन आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक विकराच्या तोंडात पाचर ठोकल्यासारखे बसते आणि अन्नातील प्रथिनांचे पचन अडवते. हा रोधक आकाराने लहान, पण गंधकाच्या बंधांनी ठायी ठायी शिवलेला असल्यामुळे सहजी उलगडत नाही. त्याला भरपूर पाणी, ताप आणि वेळ लागतो. घरातील वडीलधाऱ्या बायका वाल नीट शिजवण्याचा आग्रह धरीत, त्यामागे हे रसायनशास्त्र होते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे आरंभीचे विद्यार्थी. घरात विज्ञानाचे वातावरण असलेल्या मुलीने त्याच संस्थेचे स्वप्न पाहावे, हे ओघानेच आले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी त्यांनी रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय घेऊन गुणवत्ता यादीत पहिला क्रमांक पटकावून मिळवली आणि बंगळूरला अर्ज धाडला.

अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, आणि उमेदवार स्त्री आहे एवढेच कारण त्यांना पुरेसे वाटले. भागवत घराण्यातील वडीलधाऱ्यांची रदबदलीही कामी आली नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला जाऊन थडकल्या आणि नकाराचे कारण मागू लागल्या. तो काळ सत्याग्रहाचा होता आणि त्यांनी मार्गही तोच धरला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींसह. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, हेही बजावण्यात आले. नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याने घातलेली ही शेवटची अट आज वाचतानाही कानकोंडे व्हायला होते.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण अपमान विसरल्या नाहीत. उतारवयातही ही सल त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. मार्गदर्शक श्रीनिवासय्या शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात न आखडणारे होते. त्यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम सुरू झाले. वर्षभराने रामन यांनाही त्यांची योग्यता मान्य करावी लागली आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठी उघडले. १९३६ साली कमलाबाईंना मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. विशेष प्राविण्यासह मिळाली.

पुढचा टप्पा केंब्रिजचा. १९३७ साली त्या सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या विख्यात प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वांवरील संशोधनासाठी १९२९ साली नोबेल मिळाले होते. आरंभी डेरेक रिक्टर यांच्यासमवेत आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी काम केले. हिल वनस्पतींच्या ऊतींचा अभ्यास करीत होते. कमलाबाईंच्या वाट्याला आला बटाटा.

बटाट्याच्या पेशी श्वास कसा घेतात, हा प्रश्न होता. प्राण्यांच्या पेशींत सायटोक्रोम नावाची रंगद्रव्ये ऑक्सिजनच्या वापरात भाग घेतात, हे केंब्रिजमधील डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली दाखवले होते. वनस्पतींमध्येही हीच यंत्रणा असल्याचे, म्हणजे त्यांच्या पेशींत सायटोक्रोम-सी आणि त्याचे ऑक्सिडीकरण करणारे विकर असल्याचे कमलाबाईंच्या कामातून पुढे आले. हिल यांच्यासह त्यांची टिपणी १९३९ साली ‘नेचर’मध्ये छापून आली. त्याच वर्षी, केंब्रिजला येऊन दीड वर्षही झाले नव्हते तेव्हा, अवघ्या चाळीस टंकलिखित पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच. डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. या विषयावरचा दोघांचा सविस्तर निबंध मात्र प्रसिद्ध व्हायला १९५१ साल उजाडले. तोवर त्या सोहोनी झाल्या होत्या, पण निबंधावर नाव भागवत असेच राहिले.

बटाट्यात सापडलेले हे इवलेसे प्रथिन पुढे अनेक प्रयोगशाळांचे आवडते झाले. प्राण्यांमध्ये सुमारे शंभर अमायनो आम्लांचे आणि पोटात लोहाचा अणू बाळगणारे सायटोक्रोम-सी पाण्यात मोकळे असताना चांगलेच टिकाऊ असते. पण पेशीत त्याचे ठिकाण मायटोकाँड्रियाच्या आतील पटलालगत आहे, आणि ते पटल स्निग्ध पदार्थांचे आहे. तेथील कार्डिओलिपिन या मेदाला ते चिकटते, तेव्हा त्याची घडी अंशतः सैल पडते, लोहाला धरून ठेवणारा एक बंध सुटतो आणि इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे हे प्रथिन चक्क त्या मेदाचेच ऑक्सिडीकरण करू लागते. प्राण्यांच्या पेशीत ते मायटोकाँड्रियाबाहेर निसटले की पेशीच्या मरणाचा संदेश ठरते, हे १९९६ साली अमेरिकेतील संशोधनातून उघड झाले. मेदाशी झालेल्या सलगीने ते मरणवाटेला कसे लागते, याचा उलगडा २००५ च्या सुमारास होऊ लागला. गंमत अशी, की सर्व प्रथिनांवर मेदाचा परिणाम सारखा होत नाही. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या एचडीएल कणांवरील मुख्य प्रथिन मोकळे असताना बरेच सैल असते. मेदकणाला बिलगल्यावर मात्र ते उलगडण्यासाठी अधिक उष्णता द्यावी लागते. एकाला मेद सैल करतो, दुसऱ्याला आधार देतो.

केंब्रिजमध्ये राहून अशा मूलभूत प्रश्नांचा माग काढता आला असता. कमलाबाई १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक, अशा पायऱ्या झाल्या. १९४७ साली विमागणितज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांच्या हाती आला.

येथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी निवडलेले विषय पाहिले की त्यांचा कल ध्यानात येतो. गरिबाच्या ताटात जे पडते तेच प्रयोगशाळेच्या मेजावर आले: कडधान्ये, भाताचे पीठ आणि नीरा. १९५४ पासून भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिनरोधकांवर निबंध येऊ लागले. वालाचे काम त्यातलेच. नीरेचा अभ्यास राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाला. ताडाच्या या ताज्या रसात अ आणि क जीवनसत्त्वे व लोह आढळले, आणि गूळ-काकवी केल्यावरही ही द्रव्ये टिकतात असे दिसले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला. दूध नासू नये यासाठीची कार्यपद्धती त्यांनी आखून दिली. वरकरणी हे काम किरकोळ वाटते, पण दूध हे प्रथिने आणि स्निग्ध कण यांचे नाजूक मिश्रण आहे. प्रत्येक स्निग्ध कणाभोवती मेद व प्रथिने यांचे पातळ आवरण असते. दुधातील केसीनला पक्की घडीच नसल्यामुळे ते उकळी सोसते, पण आम्लता वाढली की त्याचे कण एकमेकांना चिकटून दूध फाटते. उलट, निवळीतील प्रथिने सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडू लागतात. लाखो घरी पोहोचणाऱ्या बाटल्यांसाठी या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या होत्या.

एवढे कर्तृत्व असूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना अंतर्गत राजकारणापायी चार वर्षे ताटकळावे लागले. बंगळूरला निदान नकार तोंडावर मिळाला होता. मुंबईत तो कागदपत्रांच्या आड लपला होता. अखेर ते पद त्यांना मिळाले, पण संशोधनाच्या ऐन बहरातील चार वर्षे अशी गेली.

नंतरच्या काळात त्या १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियात रमल्या. अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्या गृहिणींना दाखवीत आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांच्या गौरवाचा समारंभ योजला. वयाची पंचाऐंशी उलटलेल्या कमलाबाई त्यासाठी गेल्या. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, २८ जून रोजी त्यांचे निधन झाले. बंगळूरच्या त्या नकाराला तेव्हा पासष्ट वर्षे झाली होती.